प्लगमध्ये लावायचं वीजमीटर: दिवाळी ते पावसाळा वापरून

हजाराच्या आत मिळणारं, प्लग आणि सॉकेटच्या मध्ये बसवायचं छोटं वीजमीटर गेल्या दिवाळीत महाराणी रोडवरून आणलं. आता पावसाळा लागलाय, म्हणजे इंदूरची थंडी आणि उन्हाळा दोन्ही त्याने पाहिले. घ्यावं का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणेन, पण एक गोष्ट आधी सांगून. घरातली बरीचशी वीज जिथे जाते तिथे हे मीटर पोचतच नाही. छताचे पंखे, पाण्याची मोटर, ट्यूबलाईट यांना प्लग नसतो. अर्धं काम हे यंत्र करतं आणि उरलेलं जिन्याखालचं वीज कंपनीचं मीटर फुकटात करून देतं. ते कसं, ते पुढे येईलच.

घेण्याचं कारण म्हणजे १५० हा आकडा. मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटांच्या आत राहिलं, म्हणजे दिवसाला सरासरी ५, तर पहिली १०० युनिटं शंभर रुपयांत मिळतात. १५० ओलांडलं की सवलत सगळीच जाते, पहिल्या शंभरांवरचीसुद्धा. त्यामुळे १४९ आणि १५१ यांच्यातलं अंतर दोन युनिटांचं राहत नाही. आमचं बिल थंडीतही १७५च्या आसपास रेंगाळायचं. पाच माणसांचं घर आणि प्रत्येकाचा संशय वेगळा. सासूबाईंचा नातवाच्या खोलीतल्या दिव्यावर, नवऱ्याचा मिक्सरवर, माझा फ्रीजवर.

आणल्यावर आधी या मीटरचीच परीक्षा घेतली. घरातलं सगळं बंद करून फक्त पाणी तापवायचा रॉड लावला, एक जण रॉडपाशी आणि एक जण जिन्याखाली. वीज कंपनीच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी छापलेलं असतं की किती लुकलुकींचं एक युनिट. आमच्यावर ३२०० आहे, तुमच्यावर वेगळा आकडा असू शकतो. ३२० लुकलुकी म्हणजे एक दशांश युनिट, आणि १५०० वॅटच्या रॉडला त्यासाठी चार मिनिटं लागायला हवीत. जवळपास तेवढीच लागली. छोट्या मीटरवर आकडा १४८० ते १५००च्या मध्ये हलत होता. एवढं पुरे.

एक सूचना. हाच रॉड संध्याकाळी लावला तर आकडा १३००वर येतो. रॉड बिघडलेला नसतो, व्होल्टेज उतरलेलं असतं. २३०चं २१५ झालं की रॉडसारख्या वस्तूची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. पाणी तापायला तेवढा वेळ जास्त लागतो, युनिटं साधारण तीच पडतात.

मिक्सर पहिल्याच दिवशी निर्दोष सुटला. ७५० वॅटचा आहे, गरगरतो, घर डोक्यावर घेतो, पण चटणी-वाटण मिळून दिवसाला दहा मिनिटं धरली तरी युनिटाचा आठवा भाग. नातवाचा ९ वॅटचा दिवा रात्रभर जळला तरी महिन्याला तीन युनिटांच्या आत. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता दिवे चालूच ठेवायचे का?" तर तसंही नाही. पण भांडणाची जागा तिथे नव्हती.

जागा होती पायऱ्यांजवळच्या कोपऱ्यात, इन्व्हर्टरपाशी. इन्व्हर्टरचा प्लग मीटरमधून घातला, त्याच्या लाईनवरचे पंखे-दिवे सगळे बंद केले (हे करायला विसरू नका, नाहीतर त्यांचाही भार मोजला जातो) आणि बॅटरी पूर्ण भरल्याचा हिरवा दिवा लागेपर्यंत थांबलो. हिरवा लागला तरी आकडा ४१ वॅट! काही न करता, चोवीस तास. ४१ वॅट महिनाभर म्हणजे जवळपास तीस युनिटं, १५०चा पाचवा भाग, आणि हे अशा शहरात जिथे पहिल्या पावसाचे वादळी दिवस सोडले तर लाईट फारशी जातही नाही. इलेक्ट्रिशियनने बॅटरी तपासली. जुनी झाली होती, एक सेल बसलेला. असा सेल कधी भरतच नाही, चार्जर आपला करंट ढकलत राहतो आणि त्याची नुसती उष्णता होते. बॅटरीला हात लावला तर ती बाजू कोमट लागायची. आम्ही इतके दिवस त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी ठेवत होतो. नवी बॅटरी घातल्यावर आकडा १७वर आला.

सेट-टॉप बॉक्सचा प्रकार तर सरळ लबाडीचा. चालू असताना ११ वॅट, रिमोटने बंद केल्यावर १०. म्हणजे रिमोटने फक्त दिव्याचा रंग बदलतो. आता रात्री भिंतीवरच्या बटणानेच बंद करतो. सकाळी चालू व्हायला मात्र तो काही मिनिटं घेतो आणि तेवढ्यात सासूबाईंची आरती अर्धी होऊन जाते, ही तक्रार रोजची. टीव्हीचं मात्र बंद असताना जवळपास काही नाही. वायफायचा डबा ८ वॅट, त्याला मी हात लावला नाही, लावू देणारही नाहीत.

फ्रीजला क्षणाचा आकडा उपयोगाचा नाही. कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो, आणि फ्रॉस्ट-फ्री असेल तर मधूनच बर्फ वितळवायचा हीटरही लागतो. पूर्ण चोवीस तास लावून युनिटं बघायची. आमचा जुना २५० लिटरचा जानेवारीत दिवसाला १.१ युनिट खायचा, एप्रिलअखेर १.९. तो गॅसच्या ओट्याला लागून आणि पाठ भिंतीला टेकवून होता. वीतभर पुढे ओढला, दाराचं रबर बदललं (दारात दहाची नोट अडकवायची, सहज ओढली गेली तर रबर गेलं) आणि मे महिन्याच्या भर उन्हातही आकडा १.६वर राहिला. स्टॅबिलायझर वेगळा मोजला तर एकटा ६ वॅट पितो. तो काढायची माझी हिंमत झाली नाही.

आता जिन्याखालच्या मीटरची गोष्ट. ३२००चं मीटर असेल तर ११२५ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, चालू भार वॅटमध्ये मिळतो. आकडा वेगळा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागून जे येईल ते ११२५च्या जागी धरा. सुरुवातीला रात्री सगळं निजल्यावर, फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबलेला असताना, सतरा सेकंदांना एक लुकलुक यायची, म्हणजे ६५ वॅट. बॅटरी बदलल्यावर आणि बॉक्स बंद केल्यावर छत्तीस सेकंदांना एक. माझ्या मते सगळ्यात कामाचं मोजमाप हेच, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

पंखे याच पद्धतीने मोजले. जुना पंखा पूर्ण वेगात एकटा चालवला तर पंधरा सेकंदांना एक लुकलुक: ७५ वॅट. होळीनंतर दोन खोल्यांत बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावले, ते ३० वॅटला तेवढाच वारा देतात. उन्हाळ्यात पंखा दिवसाला चौदा तास चालतो असं धरलं तर एका पंख्यामागे महिन्याला एकोणीस युनिटं वाचतात. जानेवारी २०२३पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालंय, तेव्हा दुकानदाराच्या तोंडी हिशेबावर राहू नका, लेबल बघून घ्या. त्रास एकच, रिमोट. तो उशीखाली, पांघरुणात, एकदा चक्क पिठाच्या डब्यावर सापडला. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर लाईनमधून काढून टाकावा लागतो, तेही आधी विचारून घ्या.

मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची. हौदातून गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत पाणी चढवायला पंचवीस मिनिटं, पाव युनिट. गंमत म्हणून हिशेब केला. हजार लिटर दहा मीटर उचलायला शास्त्राप्रमाणे जेमतेम ०.०३ युनिट लागतं, बाकीचं पंप आणि पाइप खातात. पण आपल्या हौदात येण्याआधी हेच पाणी नर्मदेकाठच्या जलूदहून साधारण सत्तर किलोमीटर येतं आणि चारशे मीटरच्या आसपास वर चढवलेलं असतं. त्या चढाला हजार लिटरमागे कमीत कमी एक युनिट लागतंच, पंपातली तूट वेगळी. म्हणूनच महापालिकेने २०२३मध्ये हरित रोखे काढून २४४ कोटी उभे केले, जलूदला सौर प्रकल्पासाठी. टाकी भरून वाहते तेव्हा माझ्या डोक्यात आता हा हिशेब चालू होतो आणि घरचे वैतागतात.

सासऱ्यांनी एका जत्रेतून "वीज वाचवणारा डबा" आणला होता. सॉकेटमध्ये लावायचा, बिल तीस टक्के कमी. छोट्या मीटरला मल्टिप्लग, त्यात टेबलफॅन, आणि मग शेजारी तो डबा. अँपियर खरंच कमी दिसले, पॉवर फॅक्टरचा (घेतलेल्या करंटपैकी किती खरंच कामी येतो, त्याचा) आकडाही सुधारला. वॅट मात्र एकाने वाढले, डब्याच्या स्वतःच्या दिव्याचे. घरगुती मीटर वॅटतास मोजतं, अँपियर नाही. त्या डब्यातल्या कपॅसिटरचा घरच्या बिलाशी संबंध नाही. विकणारे अँपियरचं मीटर दाखवून खेळ करतात. सासऱ्यांनी शांतपणे डबा काढला आणि म्हणाले, "आत काय आहे ते तरी बघू."

गीझरला हे यंत्र लावू नका, हे कळकळीने सांगते. अंगावर १६ अँपियर छापलंय, गीझर नऊच्या आत घेतो, तरीही वीस मिनिटांत प्लास्टिक गरम आणि वास. याचं सॉकेट सगळ्या प्रकारच्या पिना घेणारं आहे, म्हणून एकही घट्ट धरत नाही. विक्रेत्याला दाखवलं तर म्हणे जास्त लोड टाकला असेल. गीझर मोजायची गरजही नाही. पंधरा लिटर पाणी २०वरून ६० अंशांवर न्यायला ०.७ युनिट, तुम्ही कुठलाही गीझर घ्या. फरक पडतो तो चालू विसरण्यात. लेबलवर चोवीस तास नुसतं गरम ठेवायला किती युनिटं लागतात ते लिहिलेलं असतं, तो आकडा बघून घ्या. आम्ही तापमान ५०वर आणलं. कूलरलाही मी हे फक्त पंप न लावता, कोरडं असताना लावलं. पाणी ठिबकतं तिथे असलं यंत्र नको.

हिशेब असा की थंडीचे महिने आता १४५च्या आत बसतात, सवलत मिळते. मे महिना १९०च्या खाली आला नाही. कूलर १७० वॅटचा, दुपारी आणि रात्री मिळून दहा-बारा तास, आणि मालव्याची रात्र थंड असते हे आता जुन्या लोकांनी सांगण्यापुरतं उरलंय. कूलर बंद ठेवून १५० गाठण्यात मला शहाणपण वाटत नाही.

मीटरच्या खोडी: पडद्याला आतून उजेड नाही, त्यामुळे फ्रीजमागे मोबाईलचा टॉर्च घेऊन वाकावं लागतं. दोन वॅटच्या खाली शून्य दाखवतो, म्हणजे मोबाईलचा रिकामा चार्जर वगैरे मोजता येत नाही. रुपयांत हिशेब दाखवायची सोय आहे, पण त्यात एकच दर भरता येतो, आणि आपले दर टप्प्यांचे. मी ते बटण दाबतच नाही. लाईट गेली तरी जमा युनिटं पुसली जात नाहीत, हे मात्र चांगलं. घेताना दुकानातच एखादा चार्जर किंवा टेबलफॅन लावून वॅट आणि पॉवर फॅक्टर दोन्ही दिसतात का ते बघा, पिन घालून हलवून बघा, आणि नुसते अँपियर दाखवणारं असेल तर स्वस्त मिळालं तरी परत ठेवा.