शिंपल्यांचा संच: गोदाकाठच्या वर्गासाठी

नांदेडच्या शालेय साहित्याच्या दुकानातून घेतलेल्या या संचात शिंपल्यांचे नमुने आणि पश्चिम किनाऱ्याचा नकाशा आहे. गोदावरीतले गोड्या पाण्याचे शिंपलेच पाहिलेल्या आमच्या मुलांना ‘तिसऱ्या’ (खाण्याचे समुद्री शिंपले) किनाऱ्यावर सगळीकडे सारख्या का सापडत नाहीत, हे त्यावरून उमगते: खाडीच्या मुखाशी, वाळूमिश्रित चिखलात, खारेपणा मानवेल तिथे त्या दाटीने राहतात आणि पावसाळी लोंढ्याने पाणी फारच गोडे झाले, तर पुष्कळ मरतात. केरळातील वेंबनाड सरोवरातला काळा शिंपला मात्र कमी खाऱ्या पाण्यात वाढतो, ही तुलना मला विशेष मोलाची वाटली. शिंपल्यांच्या अळ्या प्रवाहाबरोबर वाहत जाऊन मग तळाशी स्थिरावतात, ही वितरणामागची मूळ प्रक्रिया संचातल्या पुस्तिकेने एका ओळीत उरकली आहे, ते खटकते. नमुने भक्कम, किंमत वाजवी.