स्वॅप कर्नलवर सोडायचं की आपण सांभाळायचं?

डेटा रॅममध्ये मावणार नाही हे आधीच दिसत असेल, तर कुठला भाग डिस्कवर जाईल (म्हणजेच स्वॅप होईल) हे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ठरवणार की आपला कोड, याचा निकाल डिझाइन करतानाच लावावा.

वार्निश (2006) हे वेब कॅश, म्हणजे वेबसाइटची पानं साठवून पटकन देणारं सॉफ्टवेअर, कर्नलच्या बाजूचं. ते लिहिणारे पोल-हेनिंग कॅम्प मूळचे फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर काम करणारे. स्क्विड या आधीच्या वेब कॅशबद्दल त्यांची तक्रार अशी: बराच वेळ न वापरलेलं ऑब्जेक्ट स्क्विड डिस्कवर टाकायला घेतं, तेव्हा कर्नलने ते आधीच स्वॅपमध्ये टाकलेलं असू शकतं. मग ते रॅममध्ये परत आणायचं, कशासाठी, तर पुन्हा डिस्कवर लिहायला! वार्निशने ही दुहेरी हमाली बंद केली.

रेडिस या रॅममध्ये डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसने 2.0 आवृत्तीत (2010) स्वतःची व्हर्च्युअल मेमरी आणली, म्हणजे डिस्कवर काय टाकायचं ते स्वतःच ठरवायचं. का, तर कर्नल पेजपेक्षा (मेमरीचा सहसा 4096 बाइटांचा तुकडा) बारीक पाहत नाही. एका पेजमध्ये पन्नासेक छोट्या व्हॅल्यू असल्या आणि एकच सतत वाचली जात असली, तरी बाकीच्या फुकट रॅम अडवतात. शिवाय रेडिसमध्ये कमांड एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक, चालतात. एक पेज फॉल्ट आला (हवं ते पेज रॅममध्ये नसल्याने डिस्कवरून आणावं लागलं) की सगळे क्लायंट ताटकळतात. वार्निशमध्ये एक थ्रेड अडला तरी बाकीचे चालू राहतात. कारणं पटण्यासारखीच, पण रेडिसला ती सोय काही पेलली नाही. 2.6 मध्ये ती काढून टाकली.

म्हणून माझं मत: ऑब्जेक्ट मोठी आणि थ्रेड बरेच, तर बिनधास्त कर्नलवर सोडा. ऑब्जेक्ट बारीक आणि थ्रेड एक, तर स्वॅपच्या वाटेला न जाता मेमरीची मर्यादा घालून जुनं काढून टाका. जावावाल्यांनीही तेच करावं. पूर्ण गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी मोकळी करायची जावाची फेरी) हीपमधली, म्हणजे प्रोग्रामच्या ऑब्जेक्टच्या मेमरीतली, जिवंत ऑब्जेक्ट चाळतं आणि स्वॅपमध्ये गेलेली पेजेस परत ओढून आणतं.

कर्नलवर सोडलं म्हणजे डेटा कसाही पसरवायची मुभा नाही. समजा 4 केबीची 10 लाख रेकॉर्ड आहेत आणि प्रत्येकाची मुदत त्याच्या आतच लिहिली आहे. मुदत संपलेली शोधायची एक फेरी मारली की किमान 10 लाख पेजेस चाळवली, म्हणजे जवळपास 4 जीबी. त्याच 8 बाइटांच्या मुदती वेगळ्या ॲरेत ठेवल्या, तर दोनेक हजार पेजेसमध्ये काम उरकतं.

लोड टेस्ट चालू असताना मेमरीचे आकडे दाखवणाऱ्या व्हीएमस्टॅट कमांडमध्ये ‘एसओ’ (स्वॅपमध्ये जाणारा डेटा) अधूनमधून हलला तर चालतं. ‘एसआय’ (स्वॅपमधून परत येणारा डेटा) मात्र सतत शून्याच्या वर राहत असेल, तर आधी डेटाची ही मांडणी तपासा, रॅम नंतर मागा.