पलंग मोजून बघा: जोडबंगल्याच्या रंगीत प्लॅनवर आम्ही कसे फसलो

सध्या जे कुणी ट्विन बंगला किंवा रो हाऊस बघत फिरताहेत, त्यांनी टोकन देण्याआधी हे वाचा. आमचे १२ लाख ८० हजार रुपये अडकले, त्यातले काही परत आले, काहींसाठी अजून भांडतो आहोत.

गोष्ट नाशिकची. आम्ही सहा माणसं: मी, नवरा, दोन मुलं आणि सासू-सासरे. दहा वर्षं भाड्याच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, वॉकर घेऊन चालतात. डॉक्टरकडे जायचं तरच खाली उतरायच्या. त्यामुळे नवीन घर घ्यायचं तर आमची अट एकच होती: त्यांची झोपायची खोली आणि संडास-बाथरूम तळमजल्यावर हवं. २०२२च्या दिवाळीनंतर बिल्डरच्या ऑफिसात एक स्कीम बघायला गेलो तेव्हा मी बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच बोलले. समोरच्या माणसाने ते डायरीत लिहूनही घेतलं.

स्कीम अशी: चार जोड्या, म्हणजे आठ घरं. दोन घरांच्या मध्ये एक सामाईक भिंत, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. किंमत ६२ लाख. "बाहेरून सगळी सारखी दिसतील, पण आतला प्लॅन तुमच्या मनासारखा करून देतो," असं सांगून त्यांनी आमची एका तरुण मुलाशी गाठ घालून दिली. "हे आमचे आर्किटेक्ट," म्हणाले. प्लॅन बदलून देण्याचे ८० हजार वेगळे, रोख. पावती मागितली तर म्हणाले, "वहिनी, ते शेवटच्या हिशेबात धरू."

त्या मुलाबरोबर आम्ही चार संध्याकाळी बसलो. आम्ही सांगू तशी तो कॉम्प्युटरवर भिंत सरकवायचा. पुढच्या बाजूला आजी-आजोबांची खोली, १० बाय ११. मागे स्वयंपाकघर, ते सासूबाईंच्या इच्छेप्रमाणे आग्नेयेला. मधे जिना. वर दोन खोल्या, त्यातली खिडकीजवळची माझ्या लेकीने तिथेच बसून मागून घेतली. त्याने प्लॅनमध्ये त्या खोलीवर तिचं नाव टाईप केलं. तो कागद तिने घरी कपाटाला चिकटवला. खरं सांगते, एकदा कागदावर पोरीचं नाव पडलं की आईबाप टेप घेऊन मोजायला बसत नाहीत. आम्हीही नाही बसलो.

बुकिंगचे २ लाख दिले. फेब्रुवारी २०२३मध्ये करारनामा नोंदवला, तेव्हा आणखी १० लाख. निबंधक कार्यालयात फोटो, अंगठा, प्रत्येक पानावर सही. शेवटी परिशिष्ट म्हणून महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशाची काळीपांढरी, बारीक, अर्धवट उमटलेली झेरॉक्स होती. तिच्यावरही सही केली. तो आमचाच प्लॅन असणार हे गृहीत धरलं.

जुलैमध्ये तळमजल्याच्या भिंती कमरेपर्यंत आल्या. कपाटांची मापं घ्यायला सुताराला घेऊन गेलो. त्या दिवशी सासूबाईही हट्टाने आल्या, त्यांना स्वतःची खोली बघायची होती. पण पुढच्या बाजूला खोलीच्या भिंतीच नव्हत्या, नुसतेच कॉलम. मिस्त्रींना विचारलं. ते रंगीत प्रिंट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग सिमेंटच्या पोत्याखालून त्यांनी स्वतःकडचा नकाशा काढला, घड्या पडून फाटलेला. "ताई, माझ्या नकाशात ही खोली नाहीये. इथे पार्किंग आहे."

मला वाटलं, त्यांच्याकडे जुना नकाशा असेल. मी म्हटलं, "खोली होणारच आहे, तुम्ही आत्ता फक्की मारून दाखवा." मिस्त्री भला माणूस. प्रिंटवरून भिंती कुठे येतील त्या रेषा त्यांनी फक्कीने आखल्या. सुताराने टेप धरला. प्लास्टर धरून आतलं माप आलं ९ फूट ४ इंच बाय १० फूट ४ इंच. १० बाय ११ हे माप भिंतीच्या मध्यापासून भिंतीच्या मध्यापर्यंतचं होतं. बाहेरची भिंत ९ इंची, आतली साडेचार इंची, वर प्लास्टर, हे सगळं आमच्या खोलीतून वजा. कागदावर ११० चौरस फूट, पायाखाली ९६.

सुताराने मग पलंगाचीही फक्की मारली, ६ फूट बाय साडेसहा. पायथ्याला २ फुटी कपाट. मधे चालायला उरली २२ इंचांची पट्टी. सासूबाई म्हणाल्या, "थांबा, मी जाऊन बघते." वॉकर घेऊन त्या त्या पट्टीत शिरल्या आणि वॉकरचे डावीकडचे दोन्ही पाय पलंगाच्या रेषेवर गेले. फक्की पुसली गेली. त्या काही बोलल्या नाहीत, तशाच मागे सरकत बाहेर आल्या.

जिन्याचं त्याहून वाईट. प्लॅनमध्ये दोन वळणांचा जिना होता, सहा आणि सहा, अशा बारा पायऱ्या. आता हिशेब बघा, कारण हा हिशेब कुणीही करू शकतं. एका मजल्याची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच. घरातली पायरी साधारण ७ इंच उंच असते. १२० भागिले ७, म्हणजे सतरा पायऱ्या लागतात. बारात बसवल्या तर एकेक पायरी १० इंचांची होते. मिस्त्री म्हणाले, "मला तेवढ्याच जागेत बसवायला सांगितलंय." त्यांनी तीन विटा आडव्या रचल्या, वर इंचभर जाडीची फळी ठेवली आणि मला म्हणाले, "चढून बघा, एवढी येईल." मी धडधाकट आहे, तरी मला गुडघ्यावर हात टेकावा लागला. अशा बारा. नीट जिना करायचा तर लांबीत अडीच फूट जास्त लागणार होते आणि ते मागच्या स्वयंपाकघरातून जाणार होते. ८ फुटांचं स्वयंपाकघर साडेपाच फुटांवर.

त्या रात्री मी कपाटावरचा तो कागद काढला आणि लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली. खाली कोपऱ्यात लिहिलेलं होतं, प्रमाण १:१००. म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ मीटर. पलंग मोजला: १४ मिलिमीटर बाय १६ मिलिमीटर. म्हणजे १ मीटर ४० बाय १ मीटर ६०. सव्वापाच फूट लांबीचा डबल बेड! माझा नवरा पाच फूट दहा इंच आहे. सोफा मोजला, जेवणाचं टेबल मोजलं, फ्रिज मोजला. सगळं तसंच, बाहुलीच्या घरातलं. खोलीची मापं प्रमाणात होती, सामान मात्र मुद्दाम छोटं करून ठेवलेलं, म्हणून प्रत्येक खोली ऐसपैस दिसत होती. एकच वस्तू छोटी असती तर चूक म्हटलं असतं.

आणि मग एकेक दिसायला लागलं. मधल्या बाथरूमला सामाईक भिंतीत खिडकी काढलेली होती. त्या भिंतीपलीकडे दुसऱ्याचं घर आहे, तिथे खिडकी येईलच कशी? उत्तर दिशेचा बाण कुठेच नव्हता. जोडबंगल्यात एक घर दुसऱ्याचं आरशातलं रूप असतं. आम्हाला नमुना म्हणून दाखवलेलं घर डावीकडचं, आमचं उजवीकडचं. डावीकडे आग्नेयेला असलेलं स्वयंपाकघर आमच्याकडे नैऋत्येला जातं. बाण असता तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. वास्तू मानू नका हवं तर, पण दुपारचं ऊन कुठल्या खोलीत येणार हेही त्या बाणावरच कळतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो. त्यांनी रंगीत कागदाच्या तळाशी बोट ठेवलं: 'मांडणी केवळ कल्पनेसाठी.' पार्किंगबद्दल म्हणाले, "कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळालं की दोन भिंती टाकून देतो, सगळेच करतात." म्हणजे माझ्या सासूबाईंची खोली बेकायदा बांधायची, उद्या महापालिकेची नोटीस आली तर आम्ही निस्तरायची. बँकेचा इंजिनिअर पाहणीला आला, त्यानेही स्पष्ट सांगितलं की मंजूर नकाशात तिथे खोली नाही आणि त्या खोलीसाठी बँक पैसे सोडणार नाही. तो 'आर्किटेक्ट' मुलगा तर आर्किटेक्टच नव्हता. १९७२च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कुणाला ती पदवी लावता येत नाही. नोंदणी आहे की नाही ते कौन्सिलच्या वेबसाइटवर दिसतं. त्याचं नाव तिथे नव्हतं. मंजूर नकाशावर ज्यांची सही होती ते आर्किटेक्ट वेगळेच, त्यांनी आमचा रंगीत प्लॅन कधी पाहिलाही नव्हता.

महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करू म्हटलं, तर वकिलांनी विचारलं, "घरं किती?" आठ. रेरा कायद्यात ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत घरं असतील तर नोंदणी सक्तीची नाही. नववं घर का नव्हतं, ते तेव्हा कळलं. बुकिंगच्या वेळी आम्हाला सांगितलं होतं, "छोटा प्रोजेक्ट आहे, म्हणून रेट कमी आहे." तुम्ही बघत असलेल्या स्कीमला महारेराचा नंबर नसेल तर कारण विचारा आणि घरं स्वतः मोजा.

करारनाम्याला खरा, पार्किंगवाला नकाशा जोडलेला आणि त्यावर आमची सही. त्यामुळे आमची बाजू लंगडी झाली. तरी मी तो रंगीत कागद, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, त्या मुलाने पाठवलेली प्लॅनची चारही व्हर्जन जपून ठेवली होती, त्यांचा उपयोग झाला. वकिलाची नोटीस गेल्यावर करार रद्द केला आणि ९ लाख तीन हप्त्यांत परत मिळाले. उरलेल्या ३ लाखांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, हेही ध्यानात ठेवा. रोख दिलेल्या ८० हजारांचा कुठेच पुरावा नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळाच.

आमच्या हातून काय राहिलं ते सांगते. मंजूर नकाशाची प्रत बिल्डरकडून नाही, महापालिकेच्या नगररचना विभागातून घ्या. दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. रंगीत प्लॅन त्याच्या शेजारी ठेवून एकेक खोली जुळवा. माप भिंतीच्या आतलं आहे का, ते लेखी घ्या. पायऱ्या मोजा. घरातला पलंग, कपाट, फ्रिज टेपने मोजा आणि मग कागदावरचे पट्टीने मोजा. आणि कुठल्याही मोकळ्या मैदानात पाच रुपयांच्या फक्कीने ती खोली आखून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तिच्यात चालायला लावा.

आम्ही अजून भाड्यानेच राहतो, पण आता तळमजल्यावर. सासूबाई संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसतात. गेल्या महिन्यात त्याच ऑफिसवरून गेले तर बाहेर नवीन स्कीमचा बोर्ड होता, पुन्हा जोडबंगले, पुन्हा आठ. आत जाऊन माहितीपत्रक मागितलं, रिक्षात बसून पर्समधली पट्टी काढली. पलंग १४ बाय १६.