पिंगीचा विमा : 11 महिने, 3 क्लेम

पिंगी आमची लॅब्राडोर, आता 6 वर्षांची. विमा काढून 11 महिने झाले, 3 क्लेम टाकले, 2 मिळाले 1 नाही, म्हणून लिहितेय.

कंपनी निवडताना मी सगळा वेळ प्रीमियमवर घातला, 4 कंपन्यांकडून प्रीमियमचे आकडे मागवले, वहीत मांडले, त्यातला परवडणारा घेतला. ते चुकलं. खरं बघायचं होतं ते "आधीपासूनचा आजार" म्हणजे हे लोक नेमकं काय धरतात. निदान झालेलं असावंच लागत नाही हो, नुसतं लक्षण दिसलेलं असलं तरी पुरतं. पॉलिसीच्या 2 महिने आधी लसीला नेलं तेव्हा मी सहज बोलले की हल्ली डोकं फार झटकते, डॉक्टरांनी कान बघितला, काही नाही म्हणाले, पण केसपेपरवर एक ओळ लिहिली, "डोकं झटकते, उजवा कान". नंतर खरंच कानाला इन्फेक्शन झालं तर कंपनीने जुने सगळे पेपर मागवले आणि त्या एका ओळीवर क्लेम नाकारला. खूप राग आला मला. डॉक्टरांनी लिहिलं ते बरोबरच, त्यांनी लिहायलाच हवं, पण कंपनीने हे पैसे घ्यायच्या आधी सांगायला काय हरकत होती? काही ठिकाणी आधीच फाइल बघून काय कव्हर होणार नाही ते लेखी देतात. ते मागून घ्याच.

जुलाबाचा छोटा क्लेम पटकन मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही.

मोठा होता पायाचा. 8व्या महिन्यात एका सकाळी उठली ती मागचा डावा पाय टेकवेचना, फक्त बोटांची टोकं जमिनीला लावायची, आणि बसताना तो पाय बाजूला फेकून बसायची. गुडघ्यातला लिगामेंट फाटला होता, ऑपरेशन करावं लागलं. बाकी आजारांना वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम चालत नाही तो काळ, साधारण 14 ते 30 दिवस असतो पण ह्या लिगामेंटला बऱ्याच पॉलिसीत 6 महिने असतो, आमच्यातही तसाच होता, पण तोवर तो संपला होता म्हणून वाचलो. आधी सगळं बिल आपण भरायचं, मग डिडक्टिबल (आधी ठरलेली, आपणच सोसायची रक्कम) आणि आपला 20 टक्के हिस्सा वजा होऊन बाकीचे येतात. आमचे आले, पण तपासणीची फी त्यात धरलीच नाही.

आता काळजी उजव्या पायाची. एक गेला की निम्म्याच्या आसपास कुत्र्यांचा दुसराही पुढेमागे जातो, आणि पहिला जर पॉलिसीच्या आधी गेलेला असेल तर दुसराही खूप कंपन्या कव्हर करत नाहीत. आमचा पॉलिसीत असताना गेला म्हणून उजवा कव्हर आहे, पण कंपनी बदलली की नवीन कंपनीसाठी दोन्ही पाय जुनेच धरले जाणार. म्हणजे कानाचा राग कितीही असला तरी आता इथून हलता येत नाही.

रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे, वय वाढलं तसा प्रीमियमही वाढून आलाय. भरणार आहे. पिंगी आता जिना सोडून सगळीकडे फिरते, मी मात्र रोज ती बसताना उजवा पाय कसा ठेवते तेच बघत असते.