तीनशेची सुरी, बत्तीसशेची सुरी आणि ती मेली मूठ (९ महिने वापरून)

दोन्ही दिवाळीत घेतल्या. एक ऑनलाइन, डी-टू नावाच्या कडक स्टीलची, 'हॅण्डमेड', ३,२०० रुपये. दुसरी रस्त्याकडेला पाल टाकलेल्या घिसाड्याकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवून घेतली, ३०० म्हणाले, मी २५० दिले. आता लाज वाटते, भर उन्हात घण त्यांची बायको मारत होती.

पहिले दोन महिने मी सगळ्यांना सांगत सुटले की पैसे टाकले की वस्तू दिसते. गावठीने लिंबू कापलं की पातं काळं, रात्री ओली राहिली की सकाळी तांबूस डाग. आणि मूठ! महिन्याभरात डुगडुगायला लागली. बाकी सगळं चालेल पण डुगडुगणारी मूठ नाही, कांदा चिरताना सगळं लक्ष तिकडेच, घरचे म्हणतात तू सुरी वापरतेस की मूठ.

मग मार्चमध्ये महागडीचा टवका उडाला. करवंटीवर मारली, चूक माझी, कबूल. पण विकणारा म्हणतो मिसयूज, वॉरंटीत बसत नाही, धार लावून देऊ, ६५० अधिक कुरिअर. घरच्या दगडावर अर्धा तास घासली, टवका तसाच. डी-टूत कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, वर १२ टक्के क्रोमियम, त्याचे कठीण कण साध्या दगडाला दाद देत नाहीत.

त्याच आठवड्यात गावठी घेऊन पालावर गेले. घिसाडीमामांनी मूठ उपसली, पात्याचं मागचं टोक तापवलं, भोकात लाख भरली, दाबून बसवलं, वीस रुपये. धार म्हणाल तर दगडावर आठ-दहा हात मारले की कागद कापते, चार दिवसांत जातेही, पण परत आठ-दहा हात.

बरं, पारंपरिक म्हणजे अगदी तसंही नाही हो, भात्याच्या जागी ब्लोअर आहे, घासायला ग्राइंडर. पाणी कधी द्यायचं, म्हणजे तापलेलं पातं कडक करायला कधी बुडवायचं, ते मात्र तापलेल्या लोखंडाच्या रंगावरूनच. तिथेच गडबड होते, जाऊबाईंसाठी घेतलेली मऊ निघाली, धार वळते. ठरलेल्या तापमानाच्या भट्टीत हा जुगार नसतो, तेवढं बत्तीसशेवालीला द्यावंच लागेल.

सध्या भाजी गावठीवर, टोमॅटो महागडीवर. मामांनी बजावलं होतं, ताई गरम पाण्यात टाकू नका, लाख सुटते. परवा यांनी भांड्यांबरोबर गरम पाण्यात भिजत घातली. मूठ परत डुगडुगतेय, आणि पाल तिथून उठलंय.