सेकंडहँड गाडीवरची एक्स्टेंडेड वॉरंटी : पैसे भरण्याआधी हे वाचा

सेकंडहँड गाडीचा सौदा ठरला, टोकन दिलं, की शोरूममध्ये हमखास विचारतात, "वॉरंटी टाकायची ना सोबत?" त्या घाईत हो म्हणू नका. आधी अटींचा पूर्ण कागद मागा आणि त्यातलं 'काय मिळणार नाही' हे पान पहिलं वाचा. कागद दाखवायला टाळाटाळ होत असेल तर वॉरंटीचे पैसे देऊच नका. आमच्या घरात जे झालं ते आणखी कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

वडिलांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. क्लच दाबायला नको म्हणून धाकट्या भावाने पुण्यातल्या एका मोठ्या शोरूममधून पाच वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली, एएमटी गिअरची. एएमटीमध्ये आत साधाच क्लच आणि साधाच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मात्र बाहेरून बसवलेला अ‍ॅक्च्युएटर करतो. पंप, व्हॉल्व्ह, सेन्सर, तेलाची छोटी टाकी असं ते युनिट. ते गेलं की खर्च मोठा, हे भावाला माहीत होतं. म्हणून त्याने सेल्समनला नेमकं तेच विचारलं. त्याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्याच आवाजात आहे : "दादा, गिअरबॉक्सचं काहीही झालं तरी तुम्हाला एक रुपया लागणार नाही. ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरला गाडी लावायची, सगळं कॅशलेस." अटींचा कागद मागितला तेव्हा म्हणाला, वॉरंटी अ‍ॅक्टिव्हेट झाली की पीडीएफ मेलवर येते, आधी सिस्टीममधून निघतच नाही.

वर्षभराच्या वॉरंटीचे १९,९०० रुपये त्यांनी गाडीच्या कर्जातच बसवले. "हप्त्यात साडेपाचशेचाच फरक पडेल, काका," असं वडिलांना सांगितलं. १५ टक्के व्याज आणि चार वर्षांची मुदत धरली तर या १९,९०० चे साधारण २६,५०० होतात. शिवाय वॉरंटी वर्षात संपणार आणि तिचे हप्ते पुढे आणखी तीन वर्षं भरायचे. हा हिशेब शोरूममध्ये कुणी मांडून दाखवत नाही. ज्यांना वॉरंटी घ्यायचीच आहे त्यांनी ती कर्जातून वेगळी काढायला लावावी, पैसे स्वतंत्र भरावेत आणि तिचं वेगळं जीएसटी बिल घ्यावं.

पावसाळ्यात आईवडिलांना घेऊन भाऊ साताऱ्याला निघाला आणि खंबाटकीच्या चढावर गाडीने गिअर सोडला. मीटरवर 'एन' (न्यूट्रल) नुसता लुकलुकत होता, अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडायचं, गाडी जागची हलेना. मागे ट्रकची रांग. भावाने हँडब्रेक ओढून चाकामागे दगड लावला आणि आईवडिलांना उतरवून कठड्याशी उभं केलं. गाडी टोइंग करून पुण्याला आणली. सर्व्हिस सेंटरने अ‍ॅक्च्युएटर बदलावा लागेल म्हणून ४८,६०० रुपयांचं एस्टिमेट दिलं.

वॉरंटी शोरूमने विकली तरी ती बाहेरच्या एका कंपनीची होती. त्या कंपनीचं उत्तर मेलवर आलं. दावा नामंजूर, कारणं दोन. पहिलं, अ‍ॅक्च्युएटर हा गिअरबॉक्सच्या आतला, तेलात फिरणारा भाग नाही, म्हणून तो कव्हरमध्ये येत नाही. दुसरं, हा दोष वॉरंटी सुरू होण्याआधीपासूनचा आहे.

हे दुसरं कारण वाचून माझं डोकं तापलं. दोष आधीचा, हे त्यांना कळलं कसं? सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर भला माणूस होता, त्याने गाडीच्या नंबरावरून जुनी हिस्टरी काढून दिली. पहिल्या मालकाने गाडी विकण्याआधी तक्रार लिहून दिली होती : 'गिअर पडत नाही, एन ब्लिंक होतो'. त्या वेळी अ‍ॅक्च्युएटरचं तेल भरून गाडी परत दिली होती. त्यानंतर ती शोरूमकडे आली. शोरूमच्या तपासणी अहवालात मात्र 'ट्रान्समिशन'समोर हिरवी टिक आहे. तोच अहवाल दाखवून त्यांनी गाडी 'सर्टिफाइड' म्हणून विकली, त्याच गाडीवर वॉरंटी विकली आणि दावा केल्यावर तोच जुना दोष आमच्यासमोर ठेवला. सत्तरीच्या माणसाला घाटात रस्त्यावर उभं करणारा हा व्यवहार आहे, आणि तो मला अजिबात माफ करता येत नाही.

मग ती पीडीएफ मी शब्द न् शब्द वाचली. इंजिन आणि गिअरबॉक्सचे फक्त आतले, तेलातले भाग धरलेले. क्लच प्लेट, बेल्ट, होज, सील, सेन्सर, वायरिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), एसीचा गॅस, सस्पेन्शनचे बुश हे सगळं बाहेर. एका दाव्याला जास्तीत जास्त २५,००० रुपये, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर धरला असता तरी जवळपास निम्मा खर्च आमच्याच माथी होता. पहिले ३० दिवस दावाच करता येत नाही. दोष शोधण्यासाठी गिअरबॉक्स खोलायचं लेबर ग्राहकाने द्यायचं, दावा नामंजूर झाला तर ते बुडालं. सर्व्हिस ठरलेल्या किलोमीटरला, त्यांनी सांगितलेल्या वर्कशॉपमध्येच आणि बिलासह. एक सर्व्हिस चुकली की वॉरंटी रद्द. आणि गाडी तापूनसुद्धा चालवली, असं त्यांना वाटलं तर इंजिनचा दावाही गेला. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली सीलची पट्टी, गेली की इंजिन तापतंच; मग अशा कुठल्या गाडीबद्दल असं म्हणता येणार नाही?

सगळ्याच वॉरंट्या अशा असतात असं मी म्हणणार नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची एक्स्टेंडेड वॉरंटी ही वेगळी गोष्ट आहे. ती बहुतेक वेळा मूळ वॉरंटी चालू असतानाच घेतलेली असते आणि गाडी विकली की पुढच्या मालकाच्या नावावर करून घेता येते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. ती शिल्लक असलेली गाडी थोडी महाग मिळाली तरी घ्यावी. शोरूमच्या तोंडी शब्दावर मात्र जाऊ नका. चॅसिस नंबर घेऊन ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरला जा, वॉरंटी कुठल्या तारखेपर्यंत, किती किलोमीटरपर्यंत आहे ते विचारा आणि त्याच फेरीत विकणाऱ्याला सोबत नेऊन सर्व्हिस हिस्टरीची प्रिंट काढायला लावा. आमच्या गाडीची ती एक प्रिंट आधी बाहेर आली असती, तर व्यवहारच झाला नसता.

बाहेरच्या कंपनीची वॉरंटी असेल, तर त्या गाडीत महाग काय बिघडू शकतं ते आधी बघा. टर्बो डिझेलमध्ये इंजेक्टर आणि टर्बो, ड्युअल क्लचमध्ये क्लच पॅक आणि मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलायचं काम सांभाळणारं युनिट), एएमटीत अ‍ॅक्च्युएटर. हे भाग कव्हरच्या यादीत नावानिशी छापलेले असतील आणि रकमेची मर्यादा खर्चाला पुरणारी असेल, तर विचार करा. साध्या पेट्रोल मॅन्युअल गाडीवर मी तरी एक पैसा घालणार नाही. ती रक्कम वेगळी ठेवावी; त्यातून थोडे खर्चून आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून, स्कॅनर लावून, गाडी घेण्याआधी तपासून घ्यावी. आणि वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. गाडीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरलेला नसतो, त्यामुळे तिकडूनही यातलं काही मिळत नाही.

१ एप्रिल २०२३ पासून सेकंडहँड गाड्यांच्या डीलरना आरटीओकडून अधिकारपत्र घेणं बंधनकारक झालं आहे. ते बघायला मागा. डीलर चाचरला तर तिथून निघा.

ज्यांची फसवणूक होऊन गेली आहे त्यांनी गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, ती मराठीतही सांगता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार वॉरंटीबद्दल दिशाभूल करणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आपण जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, आपण वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि दावा लावायची मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

आम्ही नोटीस पाठवल्यावर शोरूमचा फोन आला. वॉरंटीचे निम्मे पैसे परत देतो, 'कोणतीही तक्रार नाही' अशा कागदावर सही करा. वडिलांनी फोन भावाच्या हातातून घेतला आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. व्हॉट्सअ‍ॅपचा आवाज, हिरवी टिक असलेला अहवाल, सर्व्हिस हिस्टरी आणि नामंजुरीचा मेल जोडून आता आम्ही आयोगात तक्रार दाखल केली आहे. शोरूम आणि वॉरंटी कंपनी, दोघांनाही त्यात विरुद्ध पक्ष केलं आहे. तुम्हीही तसंच करा. एकावरच तक्रार केली तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.