प्रोस्टेटचा कॅन्सर : लगेच ऑपरेशन की नुसती देखरेख?

कॅन्सर म्हटलं की घरचे म्हणतात, काढून टाका आणि मोकळे व्हा. पण गाठ प्रोस्टेटपुरतीच असेल, तर घाई करण्याआधी ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' अभ्यासाचे आकडे बघावेत. त्यात 50 ते 69 वयाच्या 1,643 पुरुषांची तीन गटांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली: देखरेख, ऑपरेशन, रेडिएशन. इथे पहिल्या दोघांचंच बघू.

सुमारे 15 वर्षांनी या कॅन्सरने दगावलेले: देखरेखीत 3.1 टक्के, ऑपरेशनमध्ये 2.2. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र देखरेखीत दुप्पट, 9.4 विरुद्ध 4.7 टक्के. हे लपवून देखरेखीचं कौतुक करणं मला पटत नाही.

ऑपरेशनची किंमत रोजच्या जगण्यात मोजावी लागते, आणि नेमकं तेच पेशंट विचारायला लाजतात. सहा महिन्यांनी लघवी गळते म्हणून पॅड वापरणारे 46 टक्के होते, देखरेखीत 4. संबंधांसाठी पुरेशी ताठरता उरलेले 12 टक्के, देखरेखीत 52. पुढे थोडी सुधारणा झाली, पण गळतीतला फरक राहिलाच.

देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, नंतर सहा ते बारा महिन्यांनी. वर्षात आकडा निम्म्याने वाढला की फेरतपासणी. या गटातल्या सुमारे 61 टक्के पुरुषांनी पुढे कधीतरी ऑपरेशन किंवा रेडिएशन घेतलंच. गाठ जास्त आक्रमक असेल तर मी ऑपरेशन किंवा रेडिएशनकडे झुकेन. कमी धोक्याची असेल तर आधी देखरेख.